दहा वाजताची चव

(दृश्य: पहाटेचं स्वयंपाकघर, ट्यूबलाइटचा उजेड. तव्यावर पोळी फुगते आहे.)

डोंबिवली. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. खाली रिक्षावाले काका हॉर्न वाजवतील, त्याला अजून अर्धा तास आहे. घडीची पोळी तव्यावरून उतरते, पण डब्यात जात नाही. आधी चाळणीवर पसरली जाते. वाफ निघून गेली की मग डबा.

"गरम भरली की घाम सुटतो तिला," आई सांगते. खरंच सुटतो. झाकणाला आतून थेंब धरतात, ते खाली गळतात आणि तळाच्या पोळीचा लगदा होतो.

पाचवीतल्या मुलीचा हा डबा. शाळा सकाळची, मधली सुट्टी पावणेदहाला. म्हणजे भरल्यापासून उघडेपर्यंत तीन-साडेतीन तास. तेवढ्या वेळात डबा रिक्षात आडवा पडतो, दप्तरात पुस्तकांखाली दबतो, वर्गातल्या उकाड्यात बसून राहतो. आपण भाजीची चव बघतो ती कढईतली. मुलगी खाते ती दहा वाजताची. या दोन चवींच्या मधे जे काही होतं, त्याचा विचार म्हणजे डबा भरणं.

पोहे घ्या. ताटलीत वाफाळते, वर ओलं खोबरं, लिंबाची फोड, तोड नाही. तेच पोहे डब्यात सुकतात आणि दुसऱ्या घासाला तोठरा बसतो. उपम्याचा गोळा होतो. काकडीच्या कोशिंबिरीला मिठाने पाणी सुटतं, आणि ते पाणी थेट विज्ञानाच्या वहीत उतरतं. काकडी द्यायची तर बिनमिठाच्या चकत्या. केळं द्यायचं तर वेलची केळं, सालासकट.

उलट काही पदार्थ गार झाल्यावरच रंगात येतात. तिखटमिठाच्या पुऱ्या. धपाटे. दशमी, म्हणजे पाण्याऐवजी दुधात पीठ मळून केलेली पोळी, दुसऱ्या दिवशीही मऊ. पूर्वी प्रवासाला निघताना हीच बांधून द्यायचे. शाळेच्या डब्याचं कोडं आपल्या आज्यांनी एसटीच्या प्रवासासाठी आधीच सोडवून ठेवलं होतं.

(दृश्य: फ्रिजवर चुंबकाने लावलेला कागद. त्यावर हाताने लिहिलेलं डब्याचं वेळापत्रक.)

बऱ्याच शाळा हल्ली असा कागद पाठवतात. सोमवारी पोळी-भाजी, बुधवारी मोड आलेलं कडधान्य, शुक्रवारी आवडीचा पदार्थ. लिहिणाऱ्याने 'बुधवार' सहज लिहिलं असेल. पण बुधवारची उसळ सोमवारी रात्री सुरू होते.

(दृश्य: पातेल्यात मटकी पडल्याचा आवाज. अगदी जवळून.)

वाटीभर मटकी. आधी निवडायची, कारण तिच्यात न भिजणारे गणंग असतात आणि एखादा दाताखाली आला की मुलं पुढचा महिनाभर उसळीला हात लावत नाहीत. रात्रभर भिजवायची. मंगळवारी सकाळी उपसून पंचाच्या फडक्यात घट्ट बांधायची आणि झाकून ठेवायची. उन्हाळ्यात संध्याकाळीच मोड दिसतात. थंडीत रात्र उलटावी लागते. मोड येताना दाण्यात क जीवनसत्त्व तयार होतं, आणि लोह शरीरात शोषलं जायला जे घटक आडवे येतात ते कमी होतात. भरीला लिंबू पिळलं, शेजारी पेरूच्या दोन फोडी ठेवल्या, तर लोह आणखी चांगलं लागू पडतं.

उसळ मात्र डब्यासाठी वेगळी करावी लागते. घरी चालतो तसा रस्सा नाही. फोडणीत परतून झाकणावर पाणी ठेवायचं, वाफेवर शिजवायची, अंगाबरोबर सुकू द्यायची. मटकी मोकळी राहिली पाहिजे, पिठूळ नाही. मग ती पोळीत गुंडाळता येते, आणि बोटांना तेल न लागता खाताही येते.

(दृश्य: जिल्हा परिषदेच्या शाळेचा व्हरांडा. खिचडीचं मोठं पातेलं, ताटल्यांची रांग.)

दुपारच्या जेवणात मुलाच्या पोटात किती जावं, याचं एक माप सरकारनेच घालून दिलेलं आहे. शाळेत शिजवून मिळणाऱ्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलासाठी 450 किलोकॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं धरलेली आहेत. त्यासाठी 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी, 5 ग्रॅम तेल. सहावी ते आठवीला 700 किलोकॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिनं.

हे माप घरच्या डब्याला लावून बघा. मध्यम आकाराच्या दोन पोळ्यांत सहा-सात ग्रॅम प्रथिनं होतात. सोबत बटाट्याच्या काचऱ्या असतील तर आकडा जवळपास तिथेच थांबतो. मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम शेंगदाणे त्यात सात-साडेसात ग्रॅम घालतात. दाण्याचा लाडू, दाण्याची चटणी, भाजीत सढळ हाताने कूट. प्रथिनांची महागडी पावडर विकत आणण्याआधी शेंगदाण्यांचा डबा उघडून बघायला हरकत नाही.

परदेशातल्या मराठी घरांत मात्र नेमकं इथेच अडतं. अमेरिका, कॅनडा, ब्रिटनमधल्या कितीतरी शाळांत ॲलर्जीमुळे शेंगदाणा आणायला मनाई असते. तिथे दाण्याची जागा कारळ्याची किंवा सुक्या खोबऱ्याची चटणी घेते, तीही शाळेला विचारून.

(दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर डब्यांची छायाचित्रं. चांदणीच्या आकाराचं गाजर, काकडीचा ससा.)

आता दिसण्याबद्दल. चांदण्या कापण्याला विरोध नाही, वेळ असेल तर जरूर कापाव्यात. पण मधली सुट्टी वीस मिनिटांची, त्यात हात धुण्याची रांग आणि मैदानावर मांडून ठेवलेला खेळ. मुलाला आवडतो तो पटकन उचलता येणारा घास. पोळीचे चतकोर, सुरळ्या, रुपयाएवढ्या पुऱ्या. बीट घालून मळलेलं पीठ पोळीला गुलाबी करतं, पालक हिरवं करतो. वेगळ्या सजावटीची गरज पडत नाही. आणि झाकण! ते त्या मुलाला स्वतःला उघडता येतं का, हे घरी एकदा तरी करून बघावं. पहिलीतल्या कितीतरी मुलांचा डबा भरलेलाच परत येतो, कारण क्लिप घट्ट असते आणि बाईंना सांगायची लाज वाटते.

अन्नसुरक्षेच्या 2020 च्या नियमांनुसार शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त मीठ, साखर, चरबीचे पदार्थ विकायला बंदी आहे. पण दप्तरातून येणारं वेफर्सचं पाकीट कोण अडवणार? शिव्या देण्याआधी त्या पाकिटाकडून शिकण्यासारखं एक आहे: ते दहा वाजताही कुरकुरीत असतं. मऊ पोळी, मऊ भाजी, मऊ फळ अशा डब्यात दाताला काहीच काम नसतं. एका कप्प्यात फुटाणे, राजगिऱ्याची चिक्की नाहीतर एखादं कडबोळं पडलं, तरी पाकिटाची ओढ बरीच कमी होते.

नाचणीचं मात्र या घरात दोनदा बिनसलं. कॅल्शियमच्या बाबतीत रोजच्या धान्यांत तिला जोड नाही, 100 ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. पण गार झालेली भाकरी कडक झाली आणि वर्गात कुणीतरी "काळी पोळी" म्हणालं. डबा तसाच परत. तिसऱ्यांदा गूळ-खोबरं घालून मऊ घावन केले, आणि डबा रिकामा आला.

रिकामाच येत होता गेले पंधरा दिवस. तरी मुलगी पाऊण वाजता घरी आली की दप्तर टाकून सरळ स्वयंपाकघरात.
"अगं, डबा संपवलास ना? मग एवढी भूक?"
"संपला गं आई."

(दृश्य: वर्ग. पाच मुली बाकं जोडून बसल्या आहेत. पाच डबे मधोमध.)

संपला हे खरं होतं. कॅमेऱ्यात दिसतं ते असं: मटकीची पहिली सुरळी उजवीकडच्या मैत्रिणीला, दुसरी समोरच्या दोघींत अर्धी-अर्धी. हिच्या हातात कुणाच्या तरी डब्यातला इडलीचा तुकडा. आपला डबा आपणच खाणारी एकही जण त्या घोळक्यात नाही.

आम्ही हे चित्रीकरण आईला दाखवलं. तिने शांतपणे पाहिलं, आणि मग पुन्हा मागे न्यायला सांगितलं. मुली मोजायला.

(दृश्य: सोमवार, रात्र. ओट्यावर मोठा डबा धुऊन पालथा घातलेला. पातेल्यात दोन वाट्या मटकी.)