कॅन्सरच्या रुग्णाला मालिश: दाब किती आणि कुठे नाही

अंगाला तेल लावणं ही नाशिकच्या घरांत कुणाला मुद्दाम शिकवावी लागत नाही अशी गोष्ट आहे. बाळाला लावतात, बाळंतिणीला लावतात, दिवाळीच्या पहाटे सगळ्यांनाच लावतात. पण त्याच घरात कॅन्सर आला की हात मागे घेतले जातात, कारण चोळल्यानं गाठ पसरते असं कुणीतरी सांगितलेलं असतं. म्हणून आधी तेच बोलू. हलक्या मालिशीनं कॅन्सर पसरत नाही. जिना चढताना रक्ताभिसरण जितकं वाढतं, तितकंही ती वाढवत नाही, आणि चालत राहा असं तर डॉक्टर स्वतःच सांगतात. प्रत्यक्ष गाठ असलेल्या जागेवर मात्र दाब द्यायचा नाही, हे पक्कं.

खरा धोका वेगळ्याच ठिकाणी आहे. तो आपल्या जोरात आहे. आपल्याकडे मालिश म्हणजे रगडणं, अंग मोकळं होईपर्यंत. दाबाच्या पाच पायऱ्या धरा. पहिलीत तेल नुसतं पसरतं, दुसरीत ते जिरतं, तिसरीत खालचा स्नायू हलायला लागतो, चौथी-पाचवी म्हणजे रगडणं. उपचार चालू असलेल्या माणसासाठी पहिल्या दोनच पायऱ्या आपल्या.

हात लावण्याआधी सीबीसीचा, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजणाऱ्या तपासणीचा, ताजा रिपोर्ट मागा. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, साधारण दीड ते साडेचार लाख असतात. ५० हजारांच्या खाली असतील तर पहिल्या पायरीवरच थांबा, कारण बोटाच्या साध्या दाबानंही काळंनिळं होऊ शकतं. २० हजारांच्या खाली डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच नको. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी होतात. त्या दिवसांत सर्दी-खोकला असलेल्या माणसानं मालिशीला जाऊच नये. ताप आलेल्या रुग्णाला मालिश नाही, दवाखाना.

आता काखेचं. स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या लसिकाग्रंथी काढल्या असतील, म्हणजे कागदावर ‘लिम्फ नोड’ असं लिहिलेलं असेल, तर त्या हातातून पाणी बाहेर न्यायच्या वाटा कमी झालेल्या असतात. तुम्ही जोरानं चोळलंत की तिथे रक्त वाढतं, ऊतींत पाणी जास्त झिरपतं आणि परत जायला वाट अपुरी पडते. हात सुजू शकतो. ही सूज ऑपरेशननंतर अनेक वर्षांनीही येऊ शकते, त्यामुळे ‘आता सगळं बरं झालंय’ हे ऐकून जोर लावू नका. आणि जपायचा भाग फक्त हात नाही. त्या बाजूची छाती, खांदा आणि कमरेपर्यंतची पाठही त्यातच येते. तिथे कातडी जेमतेम सरकेल इतकाच दाब, आणि दिशा कायम धडाकडे. आधी खांदा, मग दंड, मग कोपराखालचा भाग. सूज आधीच असेल तर ते काम त्याचं प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टचं. हात लाल आणि गरम झाला असेल तर त्याच दिवशी डॉक्टर.

जांघेतल्या ग्रंथी काढल्या असतील तर हाच नियम त्या पायाला. मानेतल्या काढल्या असतील तर मानेला, आणि तंबाखू-मिश्रीमुळे तोंडाचा कॅन्सर आपल्याकडे इतका आहे की हे वेगळं सांगायला हवं. अशा माणसाची मान सलूनमध्ये मोडून घेणं कायमचं बंद. मानेच्या पुढच्या बाजूला खोल दाब नको.

दुसरी घरगुती सवय पाय चेपण्याची. कॅन्सरमध्ये शिरेत रक्ताची गुठळी होण्याची शक्यता वाढते, झोपून असलेल्या माणसात तर अधिकच. एकच पोटरी सुजलेली, गरम, दुखरी असेल तर ती चेपायची नाही. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. कंबर दुखते म्हणून लहान मुलाला पाठीवरून चालायला लावतात, तेही नको. स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस, मूत्रपिंड यांचा कॅन्सर हाडांत उतरतो, मणक्यांत आणि बरगड्यांत, आणि पोखरलेलं हाड तेवढ्या भारानं मोडू शकतं.

रेडिएशन चालू असलेल्या जागेला तेल नाही, चोळणं नाही, आणि किरणांची जागा दाखवायला काढलेल्या तिथल्या खुणा पुसायच्या नाहीत. केमोचं पोर्ट (औषध देण्यासाठी कातडीखाली, बहुधा छातीवर, बसवलेली डबी) किंवा हातातली नळी असेल तर तो भाग सोडा. पोर्ट असलेल्या माणसाला पालथं झोपवण्यापेक्षा कुशीवर घ्या, गुडघ्यांत उशी द्या. केमोनंतर दोन-तीन दिवस औषध घामातूनही बाहेर पडतं, तेव्हा हातमोजे घाला. वासाचं तेल नको, मळमळ वाढते. ऑक्सॅलिप्लॅटिन हे केमोचं औषध चालू असेल तर थंड स्पर्शानं झिणझिण्या येतात. निफाडच्या थंडीत खोबरेल गोठतं, त्यामुळे हिवाळ्यात तिळाचं तेल बरं. ते कोमटच असू द्या आणि आधी स्वतःच्या मनगटावर पाहा, कारण बधिर झालेल्या तळव्याला चटका कळत नाही.

इतकं टाळायचं, मग करायचं कशाला? न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयानं २००४ मध्ये १२९० रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. मालिशीनंतर वेदना, थकवा, मळमळ, चिंता या त्रासांची तीव्रता सरासरी निम्म्यावर आली होती. त्यात तुलनेचा गट नव्हता. २००८ मध्ये बळावलेल्या कॅन्सरच्या ३८० रुग्णांवर अमेरिकेत तुलना करून पाहिली गेली: एका गटाला मालिश, दुसऱ्याच्या अंगावर नुसता हात ठेवणं. लगेचचा आराम मालिशीनं जास्त मिळाला, पण नुसत्या हातानंही मिळालाच. म्हणून दाब काढा, हात काढू नका.

घरी करायचं असेल तर पावलांपासून सुरू करा. पाऊल दोन्ही तळहातांत धरून अर्धा मिनिट नुसतं थांबा. मग चमचाभर तेल, घोट्यापासून बोटांपर्यंत सावकाश, एकेक बोट वेगळं. नखांजवळ सोललेलं असेल किंवा तळवे लाल होऊन जळजळत असतील, जसं कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळीमुळे होतं, तर घासायचं नाही, नुसतं धरायचं. एका पावलाला पाच मिनिटं पुरतात. एकूण अर्ध्या तासापुढे जाऊ नका, थकलेल्या माणसाला मालिशीचाही शीण होतो. मधेच विचारत राहा, ‘कमी करू का?’ पण ‘जोरात करू का?’ असं विचारू नका, बरेच जण भिडेपोटी हो म्हणतात. डोळा लागला तर उठवू नका. तळव्याचं तेल मात्र पुसून घ्या. रात्री बाथरूमला उठताना फरशीवर पाय घसरतो.