दोन तारखेला छापला, तीनचा अंक, चारला फोटो

नमस्कार मंडळी. जुन्या मथळ्यांच्या व्हिडिओंखाली गेले तीन आठवडे तुमची एकच मागणी चाललीय, 'तो ट्रूमनचा फोटो घ्या'. घेतला.

(फोटो पडद्यावर)

हे बघा. रेल्वेच्या डब्याचा मागचा कठडा, चष्मा लावलेले अमेरिकेचे अध्यक्ष हॅरी ट्रूमन, दोन्ही हातांनी उंच धरलेला पेपर आणि तोंडभर हसू. पेपरवर ठसठशीत मथळा, 'ड्यूई डिफीट्स ट्रूमन'. म्हणजे ड्यूईंनी ट्रूमनना हरवलं. आणि हसतायत कोण, तर ट्रूमन!

गोष्ट बहुतेकांना माहीत आहे, म्हणून भराभर सांगतो. 1948 ची अमेरिकेची अध्यक्षपदाची निवडणूक. ट्रूमन डेमोक्रॅट पक्षाचे, तेव्हा अध्यक्षपदावर असलेले. समोर न्यूयॉर्कचे गव्हर्नर ड्यूई, रिपब्लिकन पक्षाचे. पेपर शिकागो डेली ट्रिब्यून. ड्यूई जिंकले असं छापलं आणि ट्रूमन जिंकले, 303 विरुद्ध 189 इलेक्टोरल मतांनी, म्हणजे अध्यक्ष ठरवणाऱ्या राज्याराज्यांच्या प्रतिनिधींच्या मतांनी. झालं.

आता मुद्द्याचं. मागे या फोटोचा नुसता उल्लेख केला होता, तर खाली पन्नास जणांनी लिहिलं, 'निकाल लागल्यावरसुद्धा चुकीचं कसं छापलं?' अहो, निकाल लागल्यावर छापलंच नाही! तारखा नीट ऐका. मतदान मंगळवारी, 2 नोव्हेंबरला. हा अंक छापायला गेला 2 तारखेलाच, संध्याकाळी. त्याच्यावर तारीख 3 नोव्हेंबरची, कारण सकाळच्या पेपरवर आदल्या दिवशी छापतानाच उद्याची तारीख असते. आणि फोटो 4 तारखेचा, सेंट लुइस स्टेशनवरचा. फोटोतला पेपर दोन दिवसांचा शिळा आहे. एक अंक आणि तीन तारखा, हे डोक्यात बसलं की सगळं उलगडतं.

अजूनही कुणाला पटत नसेल तर आपल्याकडचं सांगतो. मी नऊ वर्षं एका जिल्हा दैनिकात रात्रपाळीला उपसंपादक होतो. आमच्याकडे डाक आवृत्ती असायची. लांबच्या तालुक्यांना जाणारी, रात्रीच्या एसटीत गठ्ठे टाकायचे, म्हणून ती सगळ्यात आधी सोडायची. लांबच्या गावांत ज्यांचं बालपण गेलं त्यांना आठवत असेल, रात्रीच्या क्रिकेट सामन्याचा निकाल आपल्या पेपरात कधी नसायचाच. त्याच तारखेच्या शहरातल्या पेपरात असायचा. का? आपला अंक सामना संपायच्या आधी छापलेला! ट्रिब्यूनचा हा अंक म्हणजे त्यांची डाक आवृत्ती समजा.

बरं, इतकी घाई का? हे फार कमी जण सांगतात आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. शिकागोतले कंपोझिटर नोव्हेंबर 1947 पासून संपावर होते. टाइप जुळवणारी माणसंच नाहीत. मग बातमी टाइपरायटरसारख्या यंत्रावर टाइप करायची, ते कागद पानावर चिकटवायचे, पानाचा फोटो काढायचा, फोटोवरून ब्लॉक, म्हणजे छपाईचा धातूचा ठसा, करायचा, मग छपाई. यात तासचे तास जायचे, म्हणून पहिलं पान नेहमीपेक्षा खूप आधी सोडावं लागे. त्या संध्याकाळी पूर्वेकडच्या राज्यांचेही फारसे आकडे आलेले नव्हते. धांदल किती, तर मुख्य बातमीतल्या काही ओळी चक्क उलट्या लागल्या. खाली डोकं वर पाय!

आकडे नाहीत, मग मथळा कशाच्या जोरावर? ट्रिब्यूनचे वॉशिंग्टनचे बातमीदार आर्थर सीअर्स हेनिंग म्हणाले, ड्यूई. वीस वर्षांतल्या पाच निवडणुकांपैकी चारांचा त्यांचा अंदाज बरोबर आलेला. गॅलप आणि रोपर या तज्ज्ञांच्या जनमत चाचण्याही ड्यूईच म्हणत होत्या. रोपरनी तर सप्टेंबरमध्येच सांगून टाकलं होतं की आता आणखी आकडे देण्यात अर्थ नाही. विश्वास ठेवावा अशीच माणसं होती ही. त्यांना वेडं ठरवणाऱ्या कमेंट मला आवडत नाहीत.

आता तिसऱ्या बाजूने तीच गोष्ट, कारण खरी गंमत इथे आहे. या अंकात मोठ्या मथळ्याबरोबर आणखी एक मथळा होता, इलिनॉय राज्यात रिपब्लिकनांची सरशी दिसतेय असा. त्याच रात्री उशिरा पुढची आवृत्ती निघाली, तिचा मथळा काय? राज्यातली पदं डेमोक्रॅटांनी झाडून जिंकली! पेपर तोच, तारीखही तीच, 3 नोव्हेंबर. म्हणजे शिकागोत दोन शेजाऱ्यांनी पेपर घेतला असेल, तर एकाच्या घरी रिपब्लिकन आणि दुसऱ्याच्या घरी डेमोक्रॅट. म्हणून म्हणतो, '3 तारखेच्या ट्रिब्यूनने चूक केली' असं लिहू नका. पहिल्या आवृत्तीने केली. सुमारे 1,50,000 प्रती तोवर निघाल्या होत्या. आणि ज्या इलिनॉयमध्ये हा पेपर छापला जायचा, ते राज्यसुद्धा ट्रूमननी सुमारे 33,000 मतांनी घेतलं.

त्या रात्री ट्रूमन मिसुरीतल्या एका हॉटेलात लवकर जेवून झोपले होते. मध्यरात्री उठून रेडिओ लावला तर निवेदक सांगतोय, ट्रूमन बारा लाखांनी पुढे आहेत, पण हरणार हे नक्की. ऐकलं आणि पुन्हा झोपले. ही झोप मला फार आवडते.

एक माझा प्रसंग सांगतो. नगरपालिकेची मतमोजणी चालू होती. बातमीदाराचा फोन आला, एका वॉर्डात गुलाल उडतोय, वाजंत्री आलीय. मी डाकच्या पानाला मथळा दिला, अमुक विजयी. आमचे मुख्य उपसंपादक, सगळे त्यांना अण्णा म्हणत, त्यांनी तांबडं पेन काढलं, 'विजयी' खोडलं, वर 'आघाडीवर' लिहिलं आणि बातमीच्या शेवटी स्वतः एक ओळ टाकली, 'शेवटचे वृत्त हाती आले तेव्हा मतमोजणी सुरू होती.' पहाटे फेरमोजणीत तो उमेदवार अकरा मतांनी पडला.

ती ओळ आठवतेय ना? 'शेवटचे वृत्त हाती आले तेव्हा.' लहानपणी ही ओळ वाचून वैताग यायचा, की पुढे काय झालं ते सांगा की! नंतर रात्रपाळीला बसल्यावर तिची किंमत कळली. त्या संध्याकाळी ट्रिब्यूनच्या पानावर एवढी एक ओळ बसली असती, तर हा फोटो आपल्याला कधी दिसलाच नसता.

तर आता तुमचं काम. घरात ट्रंकेत, कपाटातल्या कागदाखाली जुना पेपर सापडला तर पहिल्या पानाचा फोटो पाठवा. पण नुसती तारीख कळवू नका. पेपरच्या नावाच्या पट्टीत आवृत्तीचं नाव दिसतंय का बघा, ते आधी लिहा. पुढच्या आठवड्यात आलेले फोटो एकत्र बघू.