नववी सवलत

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या राज्यात एखाद्या तालुक्यात दुष्काळ जाहीर झाला, की सरकारी आदेशात आठ सवलती लिहिलेल्या असतात. जमीन महसुलात सूट, पीककर्जाचं पुनर्गठन, शेतीशी निगडित कर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, मुलांच्या परीक्षा शुल्काची माफी, रोजगार हमीच्या कामांचे निकष थोडे शिथिल, गरज असेल तिथं टँकर, आणि टंचाईच्या गावात शेतीपंपाची वीज तोडायची नाही. ३१ ऑक्टोबर २०१८ला १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, तेव्हाही याच आठ होत्या.

या सवलती हव्यातच, त्यांतली एकही कमी करू नये. पण त्यांच्याकडे नीट पाहिलं तर एक गोष्ट लक्षात येते. जवळजवळ प्रत्येक सवलत गावात थांबलेल्या माणसासाठी आहे. ज्याला शेत नाही, पंप नाही, ज्यानं दाराला कुलूप लावून देवगिरी किंवा नंदीग्राम एक्सप्रेसच्या जनरल डब्यात बसून मुंबई गाठली, त्याच्या हाती यांतलं फारसं काही लागत नाही. त्याच्याबरोबर गाडीत बसेल अशी नववी सवलत असायला हवी आणि ती आरोग्याची असावी, हे आज मला तुमच्यापुढे मांडायचं आहे.

पूर्व उपनगरातल्या एका आरोग्य केंद्रात मी बरीच वर्षं काम केलं. २०१६चा उन्हाळा मला विसरता येत नाही. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी नेलं जात होतं, देशभर त्याची चर्चा होती. त्याच दिवसांत घाटकोपरच्या भटवाडीत, मोकळ्या मैदानावर, नांदेडकडची कुटुंबं पालं टाकून राहत होती. सकाळी पुरुष आणि बायका कामगार नाक्यावर जाऊन उभे राहायचे. ठेकेदारानं निवडलं तर बिगारीची हजेरी मिळायची, नाहीतर ऊन चढल्यावर रिकाम्या हातानं परत.

त्या उन्हाळ्यात आमच्याकडे एक बाई आली. कडेवर दीड वर्षाचं पोर, अंगात ताप. मी विचारलं, गोवरची दुसरी लस दिली का? ती म्हणाली, "पहिली दिल्याली हाय, ताई. दुसरीच्या टायमाला आम्ही इकडं आलाव. कार्ड तिकडं पेटीतच ऱ्हायलं." मग रजिस्टर उघडलं. त्यात पहिला रकाना नावाचा आणि दुसरा पत्त्याचा. ती म्हणाली, "मैदान लिवा." आमच्या आरोग्य स्वयंसेविकांना घरं वाटून दिलेली असतात. मैदान कोणाच्याच वाट्याला आलेलं नव्हतं. ते पोर औषध घेऊन गेलं, पुढं त्याला दुसरी लस मिळाली की नाही, मला कधीच कळलं नाही.

एक लस राहिली तर एवढं काय, असं कोणाला वाटेल. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ ते बारा महिन्यांत आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत द्यायचा असतो. गोवर इतका झपाट्यानं पसरतो, की वस्तीतली थोडी मुलं सुटली तरी त्याला वाट मिळते. २०२२च्या अखेरीस गोवंडीत गोवरनं मुलं दगावली, ते आपण पाहिलं आहे. त्यामागं दाटीची वस्ती, कुपोषण आणि राहून गेलेल्या लसी होत्या. ज्यांचा पत्ता दर चार महिन्यांनी बदलतो, त्यांच्या लसी सगळ्यांत आधी राहतात.

क्षयरोगाचं तर याहून कठीण. साध्या क्षयरोगाचे उपचार निदान सहा महिने चालतात. माणूस जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईत येतो, मार्चमध्ये खोकल्याचं निदान होतं, गोळ्या सुरू होतात, आणि मिरग जवळ आला की पेरणीच्या ओढीनं तो गावाकडं निघतो. तोवर तीन महिने झालेले असतात, अंगात जरा ताकद आलेली असते, आपण बरे झालो असं त्याला वाटू लागतं. गोळ्या अर्ध्यावर सुटल्या की औषधाला दाद न देणारा क्षय होण्याचा धोका वाढतो. 'निक्षय' या सरकारी संगणक प्रणालीत रुग्णाची नोंद एका केंद्राकडून दुसऱ्या केंद्राकडे पाठवता येते. म्हणजे सोय आहे. पण रुग्ण निघाला हे आधी कोणाला तरी कळलं पाहिजे, आणि नांदेडकडच्या आशाताईला कोणीतरी फोन केला पाहिजे.

उन्हाबद्दल मुद्दाम थोडं अधिक बोलते. मराठवाड्यातल्या माणसाला ऊन नवं नाही, त्याला काय होणार, असं ठेकेदार म्हणतात. तिकडचं ऊन कोरडं असतं, घाम वाळतो आणि अंग निवतं. मुंबईत पारा कमी दिसतो, पण दमट हवेत घाम वाळत नाही, शरीराची उष्णता आतच राहते. म्हणून हवामान खातंही किनारपट्टीवर ३७ अंशांपासूनच उष्णतेच्या लाटेचा विचार करतं, मैदानी भागात ४० पासून. त्यात काम स्लॅबवरचं आणि रात्रीची झोप प्लास्टिकच्या पालात. बायकांचा त्रास वेगळा. सार्वजनिक शौचालयाला दर खेपेला पैसे पडतात, बांधकामावर आडोसा नसतो, म्हणून त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत. लघवीच्या जळजळीची तक्रार घेऊन येणाऱ्या बाईला "भरपूर पाणी प्या" एवढं सांगून मी पाठवत असे. तिच्या दिवसाचा हिशेब समजला, तेव्हा त्या सल्ल्याची मला लाज वाटली.

मग कायदा काय म्हणतो? १९७९चा स्थलांतरित कामगारांचा कायदा परराज्यातून आलेल्यांसाठी केला होता. नांदेड जिल्ह्यातलं मुखेड आणि मुंबई एकाच राज्यात, त्यामुळं हा माणूस त्यात बसलाच नाही. बांधकाम कामगार मंडळाकडे नोंदणी झाली तर आरोग्याच्या योजना मिळतात, पण त्यासाठी वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नाक्यावर रोज नवा ठेकेदार. दाखला कोण देणार? जगात हवामानामुळं घर सोडणाऱ्यांची चर्चा वाढते आहे. जागतिक बँकेच्या २०२१च्या अहवालात म्हटलं होतं, की २०५०पर्यंत २१ कोटी ६० लाख माणसं आपापल्या देशातच अशी हलू शकतात. म्हणजे सीमा ओलांडणारे थोडे, एसटी आणि पॅसेंजर गाडीनं हलणारे फार. प्रत्येक दुष्काळ हवामानबदलानंच आला असं मी म्हणणार नाही. पण कधी पाऊस दडी मारतो, कधी सप्टेंबर २०२५सारखा पूर येऊन उभं सोयाबीन कुजवतो, आणि दोन्ही वेळा मजूर घराबाहेर पडतो.

ही माणसं अचानक येत नाहीत. सप्टेंबरअखेर नजर पैसेवारी, म्हणजे पीक किती आलं याचा पहिला सरकारी अंदाज, निघते, ऑक्टोबरअखेर सुधारित, डिसेंबरमध्ये अंतिम. कोणत्या तालुक्यात पीक गेलं, हे पालं पडण्याच्या कितीतरी आधी मंत्रालयात ठाऊक असतं. तोच कागद मुंबईच्या आरोग्य खात्याकडे गेला पाहिजे. तो आला की नाक्यांजवळची आणि मैदानांजवळची आरोग्य केंद्रं तयारीला लागतील. स्वयंसेविकेच्या यादीत मैदान चढेल. गाव सोडतानाच आशाताई लसीच्या कार्डाचा फोटो बाईच्या किंवा नवऱ्याच्या मोबाइलमध्ये काढून देईल. महिला व बालविकास विभागानं २०२२मध्ये स्थलांतरित माता-बालकांचा माग ठेवणारी ऑनलाइन प्रणाली सुरू केलीच आहे. तिला लसीकरण आणि क्षयरोगाच्या नोंदी जोडायला नवा कायदा लागत नाही. वेळेचाही विचार हवा. सकाळच्या ओपीडीला यायचं म्हणजे त्या दिवशी खाडा. म्हणून २०२२मध्ये मुंबईत सुरू झालेले 'आपला दवाखाना' रात्री दहापर्यंत उघडे असतात, ही मला त्यांची सर्वांत मोलाची बाजू वाटते.

खर्चाचा प्रश्न कोणी काढेल. केरळनं २०१७मध्ये 'आवाज' नावाची विमा योजना परराज्यातून आलेल्या मजुरांसाठी काढली. इथं तर आपलीच, याच राज्यातली माणसं आहेत.

शेवटी एक कामाची गोष्ट. तुमच्या इमारतीचं काम चालू असेल, किंवा घराजवळ पालं पडली असतील, तर तिथल्या बायकांना एवढं सांगा, की बाळाची लस कोणत्याही सरकारी किंवा पालिकेच्या आरोग्य केंद्रात फुकट मिळते आणि कार्ड गावी राहिलं असलं तरी पोराला घेऊन जायचं. जलसंजीवनीची पाकिटंही तिथं मिळतात. आणि तुमच्या बांधकामावर बायका काम करत असतील, तर त्यांना सोसायटीचं शौचालय वापरू द्या, दुपारपर्यंत तरी.

नमस्कार.