आईच्या घोटातला वाटा

[दृश्य: सातपुड्याचा उतार. मोहाखाली टोपल्या घेऊन फुलं वेचणाऱ्या बाया.]

फाल्गुन सरता सरता सातपुड्यात मोह गळायला लागतो. फुलं पहाटे पडतात, ऊन चढायच्या आत वेचावी लागतात. म्हणून धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरच्या बाया उजाडण्याआधीच झाडाखाली हजर असतात. त्यात पोटुशीही असतात. फुलं सुकवून विकली जातात, भाजून खाल्ली जातात, आणि काही मडक्यात भिजत पडतात. आंबली की चुलीवर चढवायची, वाफ गार करायची, धार जमवायची. पहिल्या धारेची सगळ्यात कडक. नेमकी किती कडक, ते कोणी मोजत नाही.

होळीला, लग्नात, पूजेला ही दारू लागते. देवाला धार सोडल्याशिवाय कार्य पुरं होत नाही. शहरातून कॅमेरा घेऊन येऊन त्यावर नाक मुरडायचं कारण नाही. आपल्याला विचारायचंय ते एवढंच, की कार्यात बसलेल्या पोटुशीच्या हातात पेला गेला, तर आत काय होतं?

[दृश्य: रेखाचित्र. वार, नाळ, बाळ.]

आईच्या रक्तातली दारू वारेतून बाळाकडे जाते. थोड्याच वेळात बाळाच्या रक्तातलं तिचं प्रमाण आईच्या जवळपास पोचतं. आईचं यकृत ती हळूहळू निकालात काढतं, पण बाळाचं यकृत अजून कच्चं असतं. शिवाय ती गर्भजलात रेंगाळते आणि बाळ तेच पाणी गिळत राहतं. आईची उतरली, म्हणून बाळाची उतरली असं नसतं.

गर्भ राहिल्यावर तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात हृदय, डोळे, चेहरा आकाराला येतात. पाळी चुकल्याचं ध्यानात येऊन अंगणवाडीत नाव लागेपर्यंत यातला बराच काळ निघून गेलेला असतो. मेंदूची घडण तर नऊही महिने चालते. म्हणून 'एवढी चालेल' असा आकडा कोणताही जाणकार डॉक्टर देत नाही. बियर असो, वाईन असो, ताडी असो की मोहाची, बाळाला सगळ्या सारख्याच.

[दृश्य: शहादा गाव, जुनी छायाचित्रं.]

१९६८ मध्ये फ्रान्सच्या डॉक्टर पॉल लेमोईन यांनी दारू पिणाऱ्या आयांच्या १२७ मुलांची निरीक्षणं मांडली. १९७३ मध्ये अमेरिकेत सिएटलच्या डॉक्टर केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी, गर्भात दारू पोचल्याने बाळाला होणाऱ्या या आजाराला नाव दिलं: फीटल अल्कोहोल सिंड्रोम. साधारण त्याच काळात इकडे शहाद्याच्या आदिवासी बायका दारूची मडकी फोडत होत्या. त्यांचा राग नवऱ्याच्या माराचा आणि घरातून जाणाऱ्या पैशाचा होता. पोटातल्या बाळाचा हिशेब तेव्हा त्यांना कोणी सांगितलेला नव्हता. खरं तर आजही नीट सांगितला जात नाही.

[दृश्य: अंगणवाडी. वजनकाट्यावर बसलेलं मूल.]

नंदुरबार जिल्ह्यात मूल बारीक, खुरटं दिसलं की पहिला शब्द येतो कुपोषण. तो बहुतेक वेळा खराच असतो. पण गर्भात दारू पोचलेलं मूलही कमी वजनाचं आणि खुजं असू शकतं. काहींचा वरचा ओठ पातळ असतो, नाक आणि ओठ यांमधली पन्हळ सपाट, डोळ्यांच्या फटी लहान. ज्यांचा चेहरा अगदी नेहमीसारखा असतो, अशांची संख्या त्याहून मोठी. ती मुलं शाळेत जातात, आणि काल पाठ झालेला पाढा आज विसरतात. एका जागी बसत नाहीत, आधी हात उचलतात, मग विचार करतात. गुरुजी म्हणतात आगाऊ, घरचे म्हणतात बापावर गेलाय. पोषण आहाराने वजन कदाचित भरून निघेल, मेंदूला झालेली इजा भरून निघत नाही. तिच्यावर औषधही नाही. मात्र लवकर ओळख पटली, शिकवायची पद्धत बदलली, घर शांत असलं, तर अशी मुलं बरंच काही शिकतात.

हे फक्त पाड्यांवरचं आहे, असं जळगाव-धुळ्यात बसून कोणी समजू नये. 'लाल वाईनने रक्त वाढतं' हे डोहाळजेवणात ऐकू येतंच. बाळंतिणीला सर्दीवर ब्रँडीचा चमचाही आपल्याकडे जुना. आसव-अरिष्टांच्या बाटल्या उलटून बघा. स्वयंनिर्मित अल्कोहोल, बहुधा ५ ते १० टक्के. गरोदरपणी ती वैद्यांना विचारल्याखेरीज घेऊच नयेत.

[दृश्य: आरोग्य केंद्र, बाकावर बसलेल्या गरोदर बाया.]

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची खास तपासणी असते. योगायोगाने ९ सप्टेंबर हाच जगभर या आजाराबद्दल बोलायचा दिवस. तपासणीत वजन होतं, हिमोग्लोबिन बघतात. 'ताई, दारू घेतेस का?' हे विचारायला मात्र जीभ जड होते. बाई पीत असेल हे आपल्याला कबूल करायचं नसतं, आणि विचारणारीचा सूर जरा चढला की समोरची 'नाही' म्हणून मोकळी होते. सगळ्यांसमोर तर नाहीच सांगणार. हा प्रश्न आशाताईने एकटीला गाठून, चुलीपाशी बसून विचारायचा. शेजारी सासूबाई असतील आणि 'आम्ही प्यायलो, आमची पोरं काय वेडी निघाली?' म्हणाल्या, तर वाद घालू नये. सगळ्याच बाळांना इजा होत नाही, हे खरं आहे. कुणाच्या बाळाला होईल, हे आधी सांगता येत नाही, हेही तितकंच खरं.

गर्भ राहिल्याचं कळायच्या आधी प्यायली असेल, तर आजपासून बंद. उरलेल्या महिन्यांत बाळाचा मेंदू वाढायचाच आहे, म्हणून उशिरा सोडल्याचाही फायदा होतो. रोज पिणारीने मात्र एकदम तोडू नये. हातपाय थरथरणं, झटके येणं असं होऊ शकतं, तिला डॉक्टरच्या देखरेखीत सोडवावं लागतं. आणि नवऱ्याने घरात मडकं भरून ठेवायचं, बायकोने तेवढं हात लावायचा नाही, हा न्याय चालणार नाही.

मूल जन्मलेलं असेल, तर अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासायला येतं. मुलाच्या विसराळूपणाबरोबर पोटात असतानाची गोष्टही त्यांच्या कानावर घालावी. मुलाला पुढे कुठे पाठवायचं, हे त्यावरून ठरवायला त्यांना सोपं जातं.