भाकर ज्वारीची, परात कणकेची

(दृश्य: विदर्भातल्या तालुक्याचं एसटी स्टँड, सकाळ. पोह्यांची कढई, बाजूला तळणाची कढई.)

सिलिॲक आजार असलेल्या माणसाला गहू, जव आणि राय (गव्हासारखं धान्य, मोहरीची राई नव्हे) ही तीन धान्यं वर्ज्य. त्यांतल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे त्याच्या लहान आतड्याला इजा होते, आणि तेवढ्यासाठी चिमूटभर पीठही पुरतं. असा माणूस विदर्भातल्या गावांत फिरायला निघाला तर खाणार काय? पाकिटावर 'ग्लुटेन-फ्री' छापायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. स्टँडवरच्या पोह्यांना ही मोजपट्टी कोण लावणार?

पोहे तांदळाचेच, तर्री हरभऱ्याची. पण वरून शेव-चिवडा पडतो आणि त्यात मैद्याचे तुकडे असू शकतात. तो नको म्हणायचं. आलूबोंडा बेसनाचा, तरी टाळायचा. मघाशी ज्या तेलात समोसे तळले, त्याच तेलातून तो निघतो. तेल कडकडीत तापलं म्हणून ग्लुटेन जळून जात नाही. केळी, संत्री, उकडलेली अंडी, भाजलेले शेंगदाणे यांवर मात्र दुपारपर्यंत निभतं.

(दृश्य: गावातली चक्की.)

वऱ्हाडात ज्वारी, भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे धान. म्हणजे हा मुलूख मुळात सोयीचा. मात्र सोयाबीन आलं, ज्वारीचा पेरा घटला आणि रोजच्या ताटात पोळी आली. त्यामुळे भाकर आदल्या दिवशी सांगून ठेवावी लागते. खरी अडचण चक्कीवर आहे. आधीचा गहू पाळूच्या (दळायच्या दगडाच्या) खाचांत आणि पिठाच्या नळीत अडकून राहतो, नंतर दळलेल्या ज्वारीत उतरतो. किलो-दोन किलो तांदूळ आधी दळून ते पीठ बाजूला काढलं तरी धोका कमी होतो, संपत नाही. त्यापेक्षा घरच्या जात्यावरचं पीठ सोबत न्यावं. एका किलोत साधारण बारा-तेरा भाकरी होतात. पीठ जुनं झालं की विरी (चिकटपणा) जाते, थापताना भाकर फाटते. तेव्हा उकळतं पाणी घालून मळायचं. तुटू नये म्हणून ज्वारीत मूठभर कणीक मिसळणारे ढाबेही आहेत, म्हणून विचारावंच. परात आणि तवा घासून घ्यायला सांगताना संकोच नको. छोटा तवा पिशवीत असला तर फारच बरं.

(दृश्य: चुलीवर वरण, वर फोडणी.)

सगळ्यांत फसवा पदार्थ हिंग. बाजारातल्या बांधणीच्या (मिश्र) हिंगात बरेचदा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं. साधं वरण, कढी, मठ्ठा, तिन्हींत तो जातो. फोडणी लसूण-जिऱ्याची मागायची. सातूच्या पिठातही जव किंवा गहू असतो. कुरोडी गव्हाच्या चिकाची, सरगुंडे गव्हाचे, रोडगे आणि लांब पोळ्याही गव्हाच्या. सांभारवडीच्या (कोथिंबीर भरलेल्या वडीच्या) पारीत मैदा असू शकतो. झुणका, पाटोडी, गोळाभात बेसनाचे. तिथे प्रश्न दोनच, बेसन कुठल्या चक्कीचं आणि फोडणीत हिंग कुठला.

उपवासाच्या दिवशी काम सोपं. साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी. गव्हाची भांडी त्या दिवशी लांबच असतात. साबुदाणा वडा मात्र हॉटेलात नको, कारण तेल तेच.

बोलायचं कसं? 'ग्लुटेन' हा शब्द चुलीपाशी चालत नाही. "काकू, पथ्य आहे. गहू, मैदा, रवा, शेवया, काहीच नाही चालत." एवढं म्हटलं तरी आग्रह सुरू होतोच: "घ्या ना भाऊ, येवढ्याशानं काय होते!" अशा वेळी आजार समजावत बसू नये. डॉक्टरांनी बंद केलंय, एवढंच सांगावं. 'पथ्य' या शब्दाला गावात मान आहे.

(दृश्य: लग्नाची पंगत.)

पंगतीत पहिल्या वाढपापूर्वी आचाऱ्याला गाठायचं. पुरी, जिलेबी बाजूला राहिली तरी पुरी वाढलेला हात पुढे भाताच्या टोपल्यात जातो. म्हणून पातेल्यातला वरचा भात, न वापरलेल्या झाऱ्यानं, आपल्या डब्यात आधीच काढून घ्यायचा.