गुंडा मांडीवर येतो तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार. चिकोडी, रायबाग, अथणीकडच्या जत्रांत हलगी कडाडू लागली की माणसं कुस्तीच्या फडाकडे धावतात. पण देवळापुढं मातीत एखादा गोल दगड ठेवलेला दिसला, तर तिथं जरूर थांबा. हा दगड उचलून खांद्यावरून मागं टाकायची चढाओढ तिथं असते. हाच तो गुंडा. कानडीत त्याला गुंडू कल्लू म्हणतात. पकड कोरलेला तो संग्राणी कल्लू, त्याची गोष्ट वेगळी. गुंड्याला धरायला काहीच नसतं, खरी कसोटी तीच.

नुसत्या आकारावरून वजन ताडू नका. आपल्याकडच्या काळ्या दगडाचा 40 सेंटिमीटर व्यासाचा गोळा 95 किलोंच्या आसपास भरतो. गोकाककडच्या वालुकाश्माचा तेवढाच गोळा दहा-बारा किलोंनी हलका. आणि व्यास फक्त 5 सेंटिमीटर वाढला, तर वजन 40 टक्क्यांनी चढतं! ‘जरासाच तर मोठा आहे’ म्हणणारा गडी इथंच फसतो.

उचलताना दगड दोन्ही घोट्यांच्या मधे हवा. तो पुढं राहिला की सगळा भार कमरेवर येतो. बोटं पसरून खाली घालायची, हात सरळ ठेवायचे. कोपर वाकवून ओढलं तर दंडाचा स्नायू तुटू शकतो, आणि ती दुखापत वर्षभर पुरते. तळव्याला कोरडी माती चोळावी. अंगाला तेल मात्र अजिबात नको, छातीवरून दगड घसरतो.

आता नीट बघा. जमिनीवरून दगड उठला की लोक शिट्ट्या मारतात, पण डाव ठरतो मांडीवर. गडी अर्धवट बसून दगड मांड्यांवर घेतो, तिथं क्षणभर थांबतो, श्वास घेतो आणि पकड बदलून दोन्ही हातांनी दगडाला मिठी मारतो. घाईत हा थांबा चुकवणाऱ्याचा दगड पोटावरच अडतो. मिठी बसली की पायांच्या जोरावर उठायचं, कंबर पुढं रेटायची. दगड छातीवरून खांद्यावर आपोआप चढत जातो. श्वास फार वेळ कोंडला तर नेमकं इथंच डोळ्यांपुढं अंधारी येते.

खांद्यावरून तो मागं टाकतात, म्हणून पाठीमागची जागा मोकळी हवी. पोरं तिथंच घुसतात, पंचांनी त्यांना आधी हटवावं. दगड पडला की खड्डा होतो. तो भरून, माती भुसभुशीत करून मगच पुढच्या गड्याला बोलवावं. खड्ड्यात रुतलेल्या दगडाखाली बोटं जात नाहीत, आणि मग दोघांनी एकच दगड उचलला असं म्हणता येत नाही.