शेवटच्या मेट्रोनंतर वर जाणाऱ्या गाड्या

श्रोतेहो, नमस्कार.

पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट. बेळगावच्या टिळकवाडीत कुणाचं घर शोधायचं झालं तर पत्ता अजून असाच सांगतात. माझी सगळी नोकरी या रुळावर गेली. लोंढा ते बेळगाव या पट्ट्यात रुळांची देखभाल करणारा गँगमन म्हणून लागलो आणि मुकादम म्हणून निवृत्त झालो. गेट म्हणजे रेल्वेचं फाटक, आमच्यासाठी रुळावर चढायची जागा. ढकल-ट्रॉली गेटापाशी आणायची, चौघांनी धरून रुळावर ठेवायची आणि निघायचं. गाडीची चाहूल लागली की परत चौघांनी उचलून बाजूला घ्यायची. आमच्या गँगेत अर्धे मराठी, अर्धे कानडी. कुणी ‘उचल’ म्हणायचा, कुणी ‘एत्तु’ म्हणायचा, पण ट्रॉली एकदमच उठायची.

आज मला बेंगळुरूच्या मेट्रोतल्या अशाच कामाच्या गाड्यांबद्दल सांगायचं आहे. माझा पुतण्या तिथं रुळांच्या देखभालीवर आहे. मागच्या वर्षी पंधरा दिवस त्याच्याकडे जालहळ्ळीला राहिलो. घर तिसऱ्या मजल्यावर आणि मेट्रोचा पूल गॅलरीच्या बरोबर समोर. रात्री अकरा-साडेअकराला शेवटची गाडी गेली की मला वाटायचं, आता हा पूल झोपला. मग तासाभरानं पिवळा दिवा लुकलुकत यायचा. मागं एक बुटकं इंजिन, त्याला सपाट वॅगन, वॅगनवर छोटी क्रेन, जनरेटर आणि हेल्मेट घातलेली माणसं.

दुसऱ्या दिवशी त्याला पहिला प्रश्न विचारला तो ट्रॉलीवाल्याचाच होता. म्हटलं, ‘‘गाडी आली तर तुम्ही ही वॅगन उचलून ठेवता कुठं?’’ तो म्हणाला, ‘‘काका, इथं ठेवायला जागाच नाही. वर नेलेली गाडी परतच आणायची.’’

तेव्हापासून हे वाक्य माझ्या डोक्यात आहे.

आपल्या मार्गावर रुळाच्या कडेला शेत असतं, नाला असतो, निदान उभं राहायला दोन हात जमीन असते. पुलावर दोन्ही बाजूंना कठडा आणि खाली बस-रिक्षा. वर चढायला गेटही नाही. गाडी डेपोतून निघणार, तिथंच रूळ जमिनीवर असतात, आणि काम कितीही लांब असलं तरी परत डेपोतच येणार. रस्त्यावर रबरी टायरांनी आणि रुळावर लोखंडी चाकांनी चालणारी गाडी असते. आपल्याकडे ती कुठल्याही फाटकावर रुळावर घेता येईल. तिथं तिलासुद्धा डेपोतूनच चढावं लागतं.

वेळेचं गणित तर फारच कडक. पहाटे पाचच्या सुमाराला पहिली गाडी सोडायची. मधले साडेपाच-सहा तास हातात दिसतात, पण सगळे कामाचे नसतात. बेंगळुरूत वर तार नाही. रुळाच्या शेजारून तिसरा रूळ जातो, त्यात 750 व्होल्टची डीसी वीज असते आणि डब्याखालचा बूट त्याला घासून वीज घेतो. माणूस उतरायच्या आधी ती वीज बंद करायची, बंद झाल्याची खात्री करायची, तिसऱ्या रुळाला अर्थिंग करायचं, म्हणजे त्यात वीज उरणार नाही, लेखी परवानगी घ्यायची, मग काम. शेवटी हेच सगळं उलट्या क्रमानं. म्हणूनच त्या इंजिनाला डिझेल नाहीतर बॅटरी लागते. ज्या विजेवर मेट्रो धावते, ती त्या वेळी बंदच असते!

मुंबईची घाटकोपर-वर्सोवा किंवा पुण्याची वनाज-रामवाडी मेट्रो बघा, तिथं 25,000 व्होल्टची तार डोक्यावर आहे. तिथं उंच मचाण असलेली गाडी लागते, आपण जिला टॉवर वॅगन म्हणतो तशी. आता आपल्या बेळगावच्या मार्गावरही तारा आल्या, 2024 पासून पुणे-हुबळी वंदे भारत त्याच तारेखालून जाते, तेव्हा मचाणाची गाडी तुमच्याही नजरेला पडली असेल.

मला सर्वांत जास्त भावली ती रूळ घासायची गाडी. रुळाचा माथा चाकांनी झिजतो तो सारखा झिजत नाही. वळणावर, ब्रेक लागतो तिथं बारीक लाटा पडतात. त्या डोळ्यांना चटकन दिसत नाहीत, बोटाला लागतात. चाक त्यावरून गेलं की घरघर सुरू होते, आणि पुलावरची घरघर थेट लोकांच्या खिडकीत जाते. मग रात्री ही गाडी येते, फिरत्या दगडी चाकांनी रुळाचा माथा केसभर खरवडते आणि त्याला मूळ आकार देते. ठिणग्यांचा नुसता पाऊस! रुळाच्या पोटातली चीर शोधायला वेगळी छोटी ट्रॉली असते. ती रुळात आवाजाच्या लहरी सोडते आणि चिरेवरून परत आलेली लहर पकडते. आमचा कीमन, म्हणजे रोज रूळ तपासत चालणारा माणूस, हातोडी मारून आवाज ऐकायचा. त्याचा कान फार तयार होता, तरीही आतली चीर त्या कानाला सापडत नसे, हे मी आज मोकळेपणानं सांगतो.

गाडी परत आली नाही तर काय होतं, ते मी एकदा भोगलं आहे. मीटरगेजचे दिवस, खानापूर आणि गुंजीच्या मध्ये, आषाढातला पाऊस. लॉरीवर, म्हणजे रुळावरून माल न्यायच्या ढकलगाडीवर, रूळ लादले होते आणि चाकाचं बेअरिंग तापून जाम झालं. आमचा ब्लॉक होता, म्हणजे कामासाठी गाड्या थांबवलेल्या होत्या, बावटा लावलेला होता, त्यामुळे धोका नव्हता. पण ब्लॉकची वेळ संपली आणि पॅसेंजर गुंजीला अडकली. चिमट्यांनी एकेक रूळ उतरवला आणि लॉरी कडेच्या शेतात कलंडवली. त्या शेतानं आम्हाला वाचवलं. तेच पुलावर पहाटे साडेचारला झालं तर कलंडवायचं कुठं? म्हणून तिथं कामाच्या गाडीला आधी विचारतात, ती परत येईल का? आणि मग विचारतात, ती काम किती करील? ओढून आणायला दुसरं इंजिन डेपोत तयार ठेवावं लागतं.

ब्रेकचंही तसंच. आपल्या कॅसलरॉकच्या घाटात 37 फुटांना एक फूट उतार आहे, त्याची धास्ती आम्ही जन्मभर बाळगली. मेट्रोत अवघड जागी शंभराला चारपर्यंत उतार चालतो, म्हणजे 25 ला एक, घाटाहून तीव्र. अशा उतारावर भरलेली वॅगन उभी करायची, तर तिचा पार्किंग ब्रेक स्प्रिंगनं लागतो आणि हवेनं सुटतो. हवा गेली तर ब्रेक सुटत नाही, उलट लागतो. हा विचार ज्यानं केला त्याला माझा नमस्कार.

शिकागोत अशी उंचावरची रेल्वे 1892 मध्ये सुरू झाली, तीही आधी वाफेच्या इंजिनावर. तिथं प्रवाशांसाठी जुने झालेले डबे कामाच्या गाड्या म्हणून वापरले गेले, आणि हिवाळ्यात तिसऱ्या रुळावरचा बर्फ खरवडायलाही गाड्या फिरतात. आपला बर्फ म्हणजे पाऊस आणि शेवाळ.

आणखी एक गोष्ट. वर जाताना पाने, बोल्ट, क्लिपा मोजून नेतात आणि मोजून परत आणतात. रुळावर विसरलेला पाना गाडीला धोका, आणि कठड्यावरून सुटलेला बोल्ट खालच्या स्कूटरवाल्याला.

आपल्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिक्स आणि कास्टिंगचं काम हातानं जाणणारी मुलं आहेत. आयटीआय करून फिटर झालेल्यांनो, कामाच्या गाडीचे ब्रेक, पंप, क्रेन हे सगळं तुमच्याच हाताचं काम आहे. रात्रपाळीचं आहे, डोळ्यांचं आहे, पण इज्जतीचं आहे. मेट्रोत भरती निघते तेव्हा नुसता ड्रायव्हरच्या जागेचा अर्ज भरू नका, देखभालीचाही भरा.

निघायच्या आदल्या रात्री मी गॅलरीतच बसलो होतो. सव्वाचारला पिवळा दिवा पीण्या डेपोच्या बाजूला गेला. थोड्या वेळानं पुतण्याचा फोन आला, ‘‘काका, आम्ही खाली आलो. चहा ठेवा.’’